पोटातलं बाळ हलतंय कसं आणि बसलंय कसं: रोज काय बघायचं, काय छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत सोडून द्यायचं

तपोवन:

डोहाळजेवणाच्या धाग्यावर गाडी भलत्याच रुळावर गेली, म्हणून हा वेगळा धागा काढतेय. तिथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. बाळ हलतंय का, हा एक. बाळ फिरलंय का, म्हणजे डोकं खाली आलंय का, हा दुसरा. घरोघरी या दोन्हींची काळजी उलटी वाटली जाते. सातव्या महिन्यात रिपोर्टवर 'ब्रीच' (म्हणजे ढुंगण खाली, डोकं वर) दिसलं की सगळे हवालदिल, आणि नवव्यात बाळ कमी हलायला लागलं की 'आता जागा नाही ना त्याला' म्हणून सगळे निवांत. हालचालीकडे अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून रोज लक्ष हवं. स्थितीची चिंता छत्तीस आठवडे झाल्यावर करायची.

आठवडे म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरलेले. 'सातवा लागला', 'नववा लागला' या हिशोबात तीन-चार आठवड्यांचा घोळ सहज होतो, त्यामुळे इथे प्रश्न विचारताना महिने नको, आठवडे लिहा.

पहिलटकरणीला साधारण अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान हालचाल जाणवायला लागते. दुसऱ्या खेपेला सोळा-सतरालाच कळतं, कारण ती जाणीव ओळखीची झालेली असते. सुरुवातीला लाथ वगैरे काही नसतं. ओटीपोटात बुडबुडा फुटल्यागत वाटतं आणि बऱ्याच जणी गॅस समजून सोडून देतात. आज जाणवलं, उद्या नाही, असं चोविसाव्या आठवड्यापर्यंत चालतं. चोवीस पूर्ण झाले आणि एकदाही काही जाणवलं नसेल तर मात्र दाखवायचं.

वार (प्लॅसेंटा) गर्भपिशवीच्या पुढच्या भिंतीला असेल तर सुरुवातीच्या लाथा वारेवर बसतात आणि पोटाला उशिरा कळतात. रिपोर्टमध्ये 'प्लॅसेंटा अँटिरियर' लिहिलं असेल तर अर्थ एवढाच. हे 'लो लाइंग' पेक्षा वेगळं. लो लाइंग म्हणजे वार खाली, पिशवीच्या तोंडाजवळ. विसाव्या आठवड्यात खाली दिसलेली वार पिशवी वाढते तशी बहुतेक वेळा वर सरकते, तरी बत्तिसाव्याच्या आसपास सोनोग्राफी करून खात्री करून घेतात. वार पुढे असणं नॉर्मल आहे. पण अठ्ठाविसाव्यानंतर अचानक कमी झालेल्या हालचालीला 'वार पुढे आहे' हे उत्तर चालणार नाही; वार कालही पुढेच होती.

चोवीस ते बत्तीस आठवड्यांत हालचाली वाढत जातात, बत्तिसाव्याच्या आसपास स्थिरावतात आणि मग तशाच राहतात. दिवस भरेपर्यंत आणि कळा सुरू झाल्यावरसुद्धा. बदलतो तो प्रकार. आधी झटकन लाथ, टुणकन उडी. नंतर जागा आवळते तशी कूस बदलणं, कोपर घासत नेणं, एका बाजूला उंचवटा येणं. लाथेचा जोर कमी झाला तर ठीक. हालचालींची संख्या कमी होणं कोणत्याच आठवड्यात ठीक नाही.

बाळ पोटात झोपतंही. एक झोप २० ते ४० मिनिटांची, सहसा सलग ९० मिनिटांच्या वर नाही. दुपारपेक्षा संध्याकाळी आणि रात्री बाळ जास्त जागं असतं. आई चालती-फिरती असताना ते पेंगतं, शिवाय आईचंही लक्ष कामात असतं. म्हणून 'दिवसभर जाणवलं नाही, रात्री आडवी झाले आणि धिंगाणा सुरू' ही तक्रार नसून वेळापत्रक आहे.

मोजायच्या दोन पद्धती आपल्याकडे चालतात.

पहिली: रोज साधारण एकाच वेळी, शक्यतो रात्रीच्या जेवणानंतर, लघवीला जाऊन येऊन डाव्या कुशीवर पडायचं. टीव्ही बंद, मोबाईल लांब. घड्याळ बघून सुरुवात करायची आणि दहा हालचाली भरल्या की थांबायचं. किती मिनिटं लागली ते लिहायचं. रोजचा आकडा जवळपास सारखा येतो, कुणाचा पंधरा मिनिटं तर कुणाचा पन्नास. दोन तासांत दहा भरल्या नाहीत तर हॉस्पिटल.

दुसरी: सकाळी, दुपारी, संध्याकाळी खाल्ल्यावर एकेक तास मोजायचं. तिन्हींची बेरीज गुणिले चार, म्हणजे बारा तासांचा अंदाज. तो दहाच्या खाली आला किंवा एखाद्या तासात तीनही भरल्या नाहीत तर कळवायचं. बऱ्याच सरकारी दवाखान्यांत ही शिकवतात.

तुमच्या डॉक्टरांनी जी सांगितली तीच करा. दोन्ही एकत्र करून डोकं फिरवून घेऊ नका.


कांदेपोहे:

उपयुक्त धागा. दोन बारीक शंका. उचकी मोजायची का? आणि एका दमात चार लाथा आल्या तर एक की चार?


तपोवन:

उचकी मोजायची नाही. एका लयीत, एकाच जागी, टक् टक् टक् असं चालतं ते उचकी. पाच-दहा मिनिटं चालते, दिवसातून दोन-तीनदाही येऊ शकते, घाबरण्यासारखं काही नाही. पोट अख्खं कडक होऊन सैल पडतं तीही हालचाल नव्हे, ते पिशवीचं आकुंचन.

मध्ये न थांबता आलेल्या हालचालींची एक लडी ती एक. मग क्षणभर शांत, पुन्हा हललं की दोन. कुणी प्रत्येक लाथ वेगळी मोजत असेल तरी हरकत नाही, पण मग रोज तसंच मोजायचं. नियम मध्येच बदलला की कालच्या आकड्याशी तुलना संपली.


आडगावकर:

चांगली मांडणी. एक मुद्दा ठळक करतो. दहाचा आकडा ही शेवटची कड आहे. ज्या बाळाच्या दहा हालचाली रोज वीस मिनिटांत भरतात, त्याला आज पावणेदोन तास लागले, तर 'दोन तासांच्या आत आहे' म्हणून झोपून जायचं नाही. त्या बाळासाठी तो मोठा फरक आहे. आकड्यापेक्षा आईला 'आज काहीतरी वेगळं वाटतंय' हे जास्त मोलाचं, आणि एवढ्या कारणावर आलेल्या बाईला परत पाठवू नये, असं प्रसूतिशास्त्रात आता शिकवलं जातं.

मोजण्याने सगळं टळतं असंही नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये हालचालींबद्दल जागृती आणि त्यानंतरची ठरावीक तपासणी यांवर मोठा अभ्यास झाला. २०१८ साली निष्कर्ष आले. त्यात पोटात बाळ दगावण्याचं प्रमाण ठोसपणे कमी झालेलं दिसलं नाही, कळा आणण्याचं आणि सिझरचं प्रमाण मात्र वाढलं. त्यामुळे प्रत्येकीने वही घेऊन बसलंच पाहिजे असा आग्रह मी धरणार नाही. आपल्या बाळाची सवय ठाऊक असणं आणि ती मोडली तर त्याच दिवशी येणं, हे मात्र सोडू नका. बीपी, मधुमेह, आधी बाळ दगावलेलं, बाळाची वाढ कमी, बाळाभोवतीचं पाणी कमी, यांपैकी काही असेल तर लेखी नोंद ठेवाच.

हालचाल का कमी होते ते समजलं की घाई कशासाठी ते कळतं. वारेतून प्राणवायू कमी पडायला लागला की बाळ काटकसर करतं. रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळवतं, हातपाय हलवणं कमी करतं. ठोके बिघडतात ते बहुतेक वेळा यानंतर. म्हणजे हालचाल कमी होणं ही आधीची पायरी, आणि तिथे पकडलं तर हातात वेळ असतो.

उलट प्रकारही लक्षात ठेवा. बाळ एकूणात जोरात हलतंय, दिवसेंदिवस जास्त हलतंय, हे चांगलंच. पण एकदाच, अचानक, झटके आल्यासारखी जोरदार तडफड आणि मग शांतता, असं झालं तर तपासून घ्या.


निंबूपाणी:

आमच्याकडे हालचाल कमी वाटली की ग्लुकोजचं पाणी किंवा फ्रिजमधलं गार पाणी प्यायला सांगतात. लगेच हलतं म्हणतात. आणि ते ठोके ऐकायचं छोटं मशीन ऑनलाइन मिळतं, ते घ्यावं का?


आडगावकर:

साखर-पाणी प्यायल्याने हालचाल वाढते याला पुरावा नाही. बाई पाणी पिते, आडवी पडते, लक्ष देते, आणि तेवढ्यात बाळाची झोप संपते, श्रेय ग्लुकोजला. जेवण राहिलं असेल तर जेवा, पाणी प्या, काही बिघडत नाही. फक्त त्याची वाट बघण्यात चार तास घालवू नका. मधुमेह असेल तर ग्लुकोज अजिबात नको.

मशीन घेऊ नका. आईची नाडी, वारेतला रक्तप्रवाह यांचेही आवाज त्यात येतात आणि घाबरलेल्या माणसाला ते ठोकेच वाटतात. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६०. आईची नाडी भीतीने ११०-१२० वर गेली की घरच्या घरी फरक कळत नाही. आणि खरोखर बाळाचेच ठोके सापडले तरी त्याचा अर्थ एवढाच, की या मिनिटाला हृदय चालू आहे. त्रासात असलेल्या बाळाचंही ते चालूच असतं.


द्राक्षवेल:

नाशिकजवळच्या दिंडोरी-निफाडकडच्या बायकांसाठी थोडं. द्राक्षबागेत छाटणी, विरळणी, डिपिंगच्या (घड औषधात बुडवण्याच्या) दिवसांत सकाळी आठपासून हात वर करून उभं राहायचं असतं. बाळ हललं की नाही हे संध्याकाळपर्यंत बाईला आठवतही नाही. 'आज हललं का' असं विचारलं तर 'हललं असंल' हे उत्तर येतं. म्हणून घरी आल्यावर, चूल पेटवायच्या आधी, एकदा पडून मोजायला सांगायचं. स्वयंपाक, भांडी आटपून मोजायला घेतलं की तिसऱ्या हालचालीला डोळा लागतो. वही-पेन जमत नसेल तर दहा शेंगदाणे एका वाटीत घ्यायचे, हालचाल झाली की एक दुसऱ्या वाटीत टाकायचा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांनी वेळ घड्याळाची न धरता 'पाळीवरून येऊन खाल्ल्यावर' अशी धरावी.

मिसरीबद्दलही बोलायला हवं. तंबाखूने बाळाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होतो, वजन कमी भरतं, हालचालीही मंदावतात. 'मी तंबाखू खात नाही, फक्त मिसरी लावते' हे वाक्य तपासणीत नेहमी ऐकू येतं. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, तिथे डॉक्टर पोट तपासतात. माता-बाल संरक्षण कार्डावर पोटाची उंची, बाळाची स्थिती, ठोके यांचे रकाने आहेत. ते भरून घ्या. रिकामा रकाना असलेलं कार्ड पुढच्या दवाखान्यात काही कामाचं नसतं.


पाथर्डीफाटा:

माझ्या वहिनीचा एकतिसावा आठवडा चालू आहे. रिपोर्टवर ब्रीच आलंय. ओळखीतल्या एक आजी पोट चोळून बाळ फिरवून देतात म्हणतात. घरात दोन तट पडलेत. काय करावं?


तपोवन:

आजींना नमस्कार सांगा आणि पोटाला हात लावू देऊ नका. चोळून, दाबून वार पिशवीपासून सुटू शकते. आत रक्तस्राव होतो आणि कधीकधी बाहेर थेंबही दिसत नाही. पोट फळीसारखं घट्ट होतं, दुखत राहतं, बाळ थंडावतं. पिशवीवर आधीच्या सिझरचा टाका असेल तर धोका आणखी वाढतो.

एकतिसाव्याला ब्रीच म्हणजे अजून काहीच ठरलेलं नाही. अठ्ठाविसाव्या आठवड्यात चार-पाचातलं एक बाळ डोकं वर करून असतं. दिवस भरेपर्यंत असं बाळ शंभरात तीन-चारच उरतं. बाकीची आपली आपण फिरतात, बहुतेक चौतीस-छत्तीसच्या आत. आणि विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीवर लिहिलेलं 'ब्रीच' वाचून तर चहाही थंड होऊ देऊ नका. तेव्हा बाळ तासाला तोंड फिरवतं.

आता पोटावरून अंदाज कसा घ्यायचा ते लिहिते, कारण तो घेण्यात वाईट काही नाही. तिसाव्या आठवड्यानंतर करा. लघवी करून या. पाठीला दोन उशा लावून अर्धवट रेलून बसा, उजव्या कमरेखाली टॉवेलची घडी. सपाट उताणं पडायचं नाही. पिशवीचं वजन मोठ्या शिरेवर येऊन चक्कर येते. गुडघे थोडे वर, म्हणजे पोट सैल पडतं. हात ऊन करून घ्या आणि तळव्याने बघा. बोटांची टोकं खुपसली की पोट लगेच आखडतं आणि मग काहीच कळत नाही.

पहिल्यांदा पोटाचा वरचा भाग, बरगड्यांखाली. दोन्ही तळवे ठेवून हळूच हलवून बघा. गोल, टणक आणि दोन हातांमध्ये स्वतंत्र डुलणारं लागलं तर ते डोकं. मऊ, रुंद, हलवलं की अख्खं अंग सोबत हलतं, ते ढुंगण. मग दोन्ही बाजू. एकीकडे लांब, गुळगुळीत, सलग घट्ट लागतं ती पाठ. दुसरीकडे छोटे छोटे उंचवटे, हात लावला की सटकणारे, ते हातपाय. शेवटी खालचा भाग, जांघेच्या हाडाच्या वर. डॉक्टर तपासताना याच क्रमाने जातात, फक्त त्यांच्या हाताला सवय असते. मध्ये पोट कडक झालं तर थांबा.

लाथ कुठे बसते तेही जोडीला घ्या. बरगडीखाली उजवीकडे लाथा आणि खाली ओटीपोटात बारीक चुळबुळ: डोकं खाली, पाठ डावीकडे, हे सगळ्यात नेहमीचं. बेंबीभोवती समोरच्या समोर लाथा आणि बेंबीपाशी खळगा: डोकं खाली पण बाळाचं तोंड आईच्या पोटाकडे. मूत्राशयावर आणि खाली जोरात लाथा, वर टणक गोळा: ढुंगण खाली. दोन्ही कुशींत लाथ-डोकं अशी मारामारी, पोट रुंद आणि उंचीला कमी: आडवं.

डॉक्टर ठोके कुठे शोधतात तेही बघा. बेंबीच्या खाली एका बाजूला पटकन सापडले तर डोकं खाली असण्याची शक्यता जास्त. बेंबीच्या बरोबरीला किंवा वर सापडले तर ढुंगण खाली.


आडगावकर:

या अंदाजाला एक मोठं भोक आहे. ढुंगण खाली असलेल्या बाळांत निम्म्याहून जास्तांचे पाय सरळ वर, कानापाशी दुमडलेले असतात. त्याला 'फ्रँक ब्रीच' म्हणतात. अशा बाळाच्या लाथा वर, बरगड्यांखालीच बसतात. बाई खुशीत असते की डोकं खाली आहे. अनुभवी हातालाही हे कधीकधी फसवतं, कारण खाली आलेलं ढुंगण घट्ट लागतं. पोट जाड असेल, पाणी जास्त असेल, वार पुढे असेल, तरी अंदाज चुकतो. म्हणून छत्तिसाव्याला शंका आली की सोनोग्राफी. पाच मिनिटांचं काम आहे.

छत्तिसाव्यालाही ढुंगण खालीच असेल तर पुढचे पर्याय सांगतो. आता बाळ आपणहून फिरण्याची शक्यता पहिलटकरणीत शंभरात आठच्या आसपास. बाहेरून पोटावर हात लावून बाळ फिरवण्याची वैद्यकीय प्रक्रिया आहे, 'ईसीव्ही'. पहिलटकरणीत छत्तीसपासून, आधी बाळंतपण झालेलीत सदतीसपासून. यश साधारण निम्म्यांना. पहिल्या खेपेला त्याहून कमी, पुढच्या खेपांना जास्त.

आजींच्या चोळण्यात आणि यात फरक काय, असा प्रश्न येईलच. आधी सोनोग्राफीने वार, पाणी, बाळाची मान आणि पिशवी बघतात. वीस मिनिटं ठोक्यांचा आलेख घेतात. पिशवी सैल पडावी म्हणून टर्ब्युटालिनचं इंजेक्शन देतात. मग ढुंगण ओटीतून वर उचलून बाळाला कोलांटी घ्यायला लावतात, काही मिनिटांत होतं किंवा सोडून देतात. मधून मधून ठोके बघतात, नंतर पुन्हा आलेख. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन. आणि हे सगळं जिथे तातडीने सिझर होऊ शकतं अशाच ठिकाणी, कारण दोनशेत एखादीला ते लागतं. वार खाली, पाणी गेलेलं, अलीकडे अंगावरून रक्त गेलेलं, जुळं, आलेख बिघडलेला, यांत करत नाहीत. सगळीकडे ही सोय नसते, तेव्हा पस्तिसाव्यालाच विचारून ठेवा.

नाही फिरलं तर बहुतेक ठिकाणी सिझर ठरतं. २००० साली 'टर्म ब्रीच ट्रायल' हा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाल्यापासून जगभर कल तिकडेच गेला आणि ब्रीचचं बाळंतपण खालून करणारे हात कमी होत गेले.

गुडघे-हात टेकून घोडा होणं, कमरेखाली उशा, खाली टॉर्च लावणं, वर बर्फ ठेवणं, या सगळ्याची चौकशी होते. घोडा होण्याने कंबर सुटते, जरूर करा. बाळ फिरतं असं सिद्ध झालेलं नाही. टॉर्चने बॅटरी जाते.


गंगापूररोड:

पायाळू माणसाच्या लाथेने कंबरेतली उसण जाते म्हणतात, तेव्हा फिरवू नका, घरात एक डॉक्टर होईल 😄


तपोवन:

आणि पावसाळ्यात त्याला वीज पडेल म्हणून घराबाहेर सोडणार नाहीत. दोन्ही बाद.

पायाळू बाळांचं खरं लक्षात ठेवण्यासारखं एकच आहे आणि तेच राहून जातं: खुबा. छत्तीस आठवड्यांना ढुंगण खाली असलेल्या बाळाच्या खुब्याचा सांधा सैल असण्याचा धोका जास्त असतो, मग ते नंतर फिरून डोक्याने जन्मलं तरी. जन्मल्यावर बालरोगतज्ज्ञांना हे सांगा आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास खुब्याची सोनोग्राफी विचारा. लवकर सापडलं तर पट्ट्यावर बरं होतं. मूल चालायला लागल्यावर सापडलं तर ऑपरेशनवर जातं.


नवखा_२२:

उजवीकडे जास्त हललं की मुलगा, हे कितपत


तपोवन:

कितपतही नाही. बाळाची पाठ डावीकडे असली की लाथा उजवीकडे, एवढंच. १९९४ च्या कायद्याने गर्भलिंगनिदान गुन्हा आहे आणि या धाग्यावर तो विषय नको. सोनोग्राफीत डोकं कुठे, वार कुठे, पाणी किती हे मात्र बिनधास्त विचारा, ते सांगायला कुठलीही बंदी नाही. काही जणी उगाच घाबरून तेही विचारत नाहीत.


सुरगाणा_एक्सप्रेस:

आडव्या बाळाबद्दल जास्त लिहा. आमच्या बाजूला तीच खरी भीती. चौथं-पाचवं बाळंतपण, पोट सैल, आणि गावापासून ऑपरेशनची सोय असलेला दवाखाना लांब, घाट उतरून.


आडगावकर:

बरोबर. पुष्कळ बाळंतपणं झालेली, पाणी जास्त, वार खाली, पिशवीत गाठ किंवा पडदा, यांत बाळ आडवं राहतं. बत्तीसला आडवं असेल तर थांबता येतं. सदतिसाव्यानंतरही आडवं, किंवा आज आडवं उद्या उभं असं असेल, तर घरी ठेवायचं नाही. दवाखान्यात किंवा त्याच्या जवळ राहायला आणायचं. कारण असं: डोकं खाली असलं की ते बुचासारखं पिशवीचं तोंड बंद करून असतं. आडव्या बाळात ती जागा मोकळी असते, पाणी फुटलं की त्यासरशी नाळ किंवा हात बाहेर येतो. नाळ दाबली गेली की बाळाकडे मिनिटंच असतात. आडवं बाळ कळा देऊन खालून होत नाही. कळा चालूच राहिल्या तर पिशवी फाटते.

घरी किंवा वाटेत पाणी गेलं आणि नाळ बाहेर दिसली तर: बाईला गुडघे-कोपरांवर, डोकं खाली ढुंगण वर असं ठेवा. गाडीत ते जमत नसेल तर डाव्या कुशीवर, कमरेखाली दोन-तीन उशा. नाळ आत ढकलू नका, सारखी हाताळू नका. १०८ ला फोन करताना 'नाळ बाहेर आली आहे' हेच शब्द वापरा. बाळंतिणीच्या नेहमीच्या ने-आणीसाठी १०२ आहे, पण अशा वेळी १०८.


द्राक्षवेल:

आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांना जोडून माहेरघर असतं, तिथे तारखेच्या आधी काही दिवस राहता येतं. आशाताईंना विचारा. पावसाळ्यात तारीख असेल तर ही चौकशी आधीच करून ठेवायची, ओहोळाला पाणी आल्यावर नव्हे.


कांदेपोहे:

'नाळेचा वेढा' रिपोर्टमध्ये आला तर? आणि डोकं खाली पण 'तोंड वर', म्हणजे आईच्या पोटाकडे, असलेल्या बाळाचं काय?


तपोवन:

वेढा: जन्मणाऱ्या चार-पाच बाळांत एकाच्या मानेभोवती असतो. पोटात बाळ नाकाने श्वास घेत नाही, त्यामुळे 'गळा आवळेल' ही कल्पना चुकीची. आज वेढा दिसतो, पुढच्या आठवड्यात सुटलेला असतो. नुसत्या वेढ्यासाठी सिझर नाही. हालचालीवर लक्ष, आणि कळांमध्ये ठोक्यांवर. बस.

तोंड वर: कळा सुरू होताना बऱ्याच बाळांची अशी स्थिती असते आणि त्यातली बहुतेक कळांमध्ये फिरतात. तशीच जन्मणारी शंभरात पाचेक. कळा कंबरेत जास्त येतात, वेळ जास्त लागतो. पुढे झुकून उभं राहणं, कमरेवर शेक, कुणीतरी कमरेच्या हाडावर तळवा दाबून धरणं, याने सुसह्य होतं.

झोपण्याबद्दलही विचारलं जातं: अठ्ठाविसाव्यानंतर कुशीवर झोपायला जायचं, डावी-उजवी कुठलीही. रात्री जाग आली आणि उताण्या आहात असं दिसलं तर कूस बदलून झोपा, रडत बसू नका.


पाथर्डीफाटा:

आजींना नाही सांगितलंय. शेवटचा प्रश्न. रात्री दोन वाजता हालचाल कमी वाटली तर सकाळच्या ओपीडीपर्यंत थांबलं तर चालेल का? आणि गेल्यावर नेमकं काय करतात?


आडगावकर:

थांबायचं नाही. डाव्या कुशीवर दोन तास लक्ष देऊन मोजायचं हे शंका असेल तर. अजिबातच हलत नसेल तर तेही नाही, निघायचं. ओपीडीची खिडकी बंद असते, लेबर रूम चोवीस तास चालू असते. नाशिकचं सिव्हिल हॉस्पिटल असो, बिटको असो की तुमचं नाव घातलेलं खाजगी हॉस्पिटल. निघताना फोन करून एनएसटी मशीन (ठोक्यांचा आलेख काढणारं) चालू आहे का आणि रात्री डॉक्टर आहेत का, एवढं विचारा. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्यांनी तर सासरच्या डॉक्टरांची फाईल, सगळ्या सोनोग्राफी, रक्तगटाचा रिपोर्ट एका पिशवीत दाराजवळ ठेवावा.

दारात 'बरं वाटत नाही' असं मोघम सांगू नका. 'पस्तीस आठवडे, संध्याकाळपासून बाळाची हालचाल कमी, बीपीची गोळी चालू' असं सांगा. सोबत पोटदुखी, अंगावरून जाणं, पाणी जाणं, डोकं दुखणं, सूज, ताप यांपैकी काही असेल तर तेही. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं झाली असतील तर तारीख सांगा. त्यानंतर दोन-तीन दिवस हालचाली मंद वाटू शकतात, पण ते कारण आहे की नाही हे तपासणारा ठरवेल.

आधी ठोके ऐकतात. मग एनएसटी: पोटाला दोन पट्टे, एक ठोक्यांसाठी, एक आकुंचनासाठी, हातात बटण, हललं की दाबायचं. वीस मिनिटं. बत्तीस आठवड्यांपुढे या वेळात ठोके निदान दोनदा पंधराने वाढून पंधरा सेकंद टिकले तर आलेख चांगला. नाही वाढले तर बाळ झोपेत असू शकतं, म्हणून चाळीस मिनिटांपर्यंत वाढवतात. उताणं झोपवलं असेल तर कुशीवर होऊ द्या म्हणा. शंका उरली तर सोनोग्राफी: पाणी, वाढ, रक्तप्रवाह, हालचाल, हातपाय आखडण्याची ताकद, छातीची हालचाल. पाण्याचा आकडा 'एएफआय' ५ ते २५ च्या मधला हवा.

सगळं चांगलं आलं की घरी. आणि दोन दिवसांनी पुन्हा कमी वाटलं तर पुन्हा यायचं. 'परवाच तर बघितलं' असं घरच्यांनी म्हणायचं नाही, दवाखान्यातल्यांनीही नाही. परवाचा आलेख परवापुरता. दुसऱ्यांदा आलेल्या बाईची तपासणी पहिल्यापेक्षा जास्त बारकाईने व्हायला हवी. एनएसटीवर न थांबता सोनोग्राफी मागा.